वर लाल रेघ, खाली उलटी

१

दिनांक ११ मार्च, मंगळवार. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वॉर्डात पाच रुग्ण होते. त्यांपैकी चौघे ओकत होते, आणि त्या चौघांना मिळून परिचारिका एकच होती.

तिला सारे रुग्णालय नुसते 'सिस्टर' म्हणे. तिने शिक्षिकेला कुशीवर वळवून गालाखाली ट्रे सरकवला, तेवढ्यात पलीकडे शिंप्याला उमासा आला. त्याच्याकडे ती पोचते न पोचते तोच ट्रकचालक उठून बसण्याची धडपड करू लागला. पोटावर ताजे टाके आणि अंगाने रेड्यासारखा आडदांड. तिने दोन्ही हातांनी खांदे दाबून त्याला निजवले.

"सिस्टर, खोली फिरतेय हो. आख्खी फिरतेय!"

"फिरू दे. डोळे मिटा आणि एका अंगावर राहा. उताणे होऊ नका."

चौथ्या खाटेवर घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा होते. तेही आत्तापर्यंत ओकत होते. आता ते शांत होते. ती शांतता पाहून सिस्टरला क्षणभर हायसे वाटले, आणि ते हायसे वाटणे पुढे तिला कितीतरी दिवस झोपू देणार नव्हते. आजोबा उताणे पडले होते. ओठ निळे पडत चालले होते. तिने घंटा दाबली, घशातले खेचून घेणारे यंत्र लावले, त्यांना कुशीवर केले, हाका मारल्या. डॉक्टर धावत आले. अर्ध्या तासाच्या झटापटीनंतर त्यांनी हातमोजे काढले. ओकारी छातीत उतरली होती.

पाचव्या खाटेवरचा बेकरीवाला एवढ्या गोंधळातही ढाराढूर झोपला होता.

आजोबांच्या अंगावर चादर ओढताना सिस्टरचे लक्ष त्यांच्या हाताकडे गेले. सलाईनच्या सुईपासून कोपराकडे शिरेच्या वाटेने एक लाल रेघ उठलेली होती. दुपारी त्यांना खाटेवर घेतानाही ती तिने पाहिली होती, पण कामाच्या रेट्यात विसरली होती. ती शिक्षिकेकडे गेली. तिच्या हातावर रेघ. शिंप्याच्या हातावर. ट्रकचालकाच्या हातावर.

बेकरीवाल्याचा हात तिने उलटासुलटा करून पाहिला. तो स्वच्छ होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांनी तिला बोलावले. ते नुकतेच वरच्या मजल्यावरून आले होते आणि रुमालाने मान पुसत होते. शनिवारी लिफ्ट बंद पडल्यापासून तीन मजल्यांचा रॅम्प सगळ्यांचाच घाम काढत होता.

"बसा," ते म्हणाले, आणि ती बसण्यापूर्वीच सुरू झाले. "ऑपरेशन झाल्यावर पाचही जण वर, थिएटरशेजारच्या खोलीत, तासतासभर होते. शुद्धीवर आले, बोलले. वर एकजणही ओकला नाही. तुमच्या वॉर्डात आले आणि पाव तासात सुरू. बरोबर?"

"बरोबर."

"चौघांच्या हातावर लाल रेघ, चौघांना उलटी. पाचव्याला रेघ नाही, उलटीही नाही. सुईतून काय सोडलंत तुम्ही?"

"सलाईन. सुई तुंबू नये म्हणून खाटेवर घेतल्यावर सगळ्यांनाच सोडते. पाचव्यालाही सोडलं. आणि साहेब, ती रेघ मी हात लावायच्या आधीच होती."

"कोणी पाहिली?"

पाहणारी तीच एकटी होती.

"विषाच्या तपासणीचा अहवाल यायला आठवडा जाईल," व्यवस्थापक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आणि घाबरलेला माणूस रागावलेल्यापेक्षा अधिक निर्दयी होतो हे सिस्टरला ठाऊक होते. "संध्याकाळी पोलीस येतील. तोवर आवार सोडायचं नाही. आणि एकाही रुग्णाला हात लावायचा नाही. एकाही."

ती बाहेर आली तो समोर तिची धाकटी बहीण. चाकांच्या खुर्चीत, पोट धरून, वाकलेली. मागे तिचा नवरा, चेहरा पांढराफटक.

"रात्रभर दुखतंय तिचं," मेहुणे म्हणाले. "डॉक्टर म्हणतात अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे. दुसरीकडे न्यायला वेळ नाही, आजच काढायचं."

"आजच? इथे?"

"मग कुठे?" धाकटी कळ दाबत हसली. "मी म्हटलं, ताईच्याच दवाखान्यात न्या. ताई असल्यावर यमाची काय बिशाद! अगं, तुझा चेहरा का असा उतरलाय? पोट माझं फाडणार आहेत ना?"

सिस्टरने तिच्या कपाळावर ठेवायला हात पुढे केला आणि व्यवस्थापकांच्या दाराकडे पाहून मागे घेतला.

"काय गं? हात का ओढलास?"

"काही नाही. थंड आहे माझा हात."

"तू असशील ना माझ्याजवळ, ऑपरेशन झाल्यावर?"

कोणीतरी या रुग्णालयात माणसांच्या शिरेत काहीतरी सोडत होते. ती स्वतः नव्हे, एवढेच तिला पक्के माहीत होते. म्हणजे तो दुसरा कोणीतरी अजून मोकळाच होता, आणि दुपारच्या ऑपरेशनांच्या यादीत नाव एकच होते, धाकटीचे.

३

चौकशीसाठी व्यवस्थापकांनी बोलावलेले गृहस्थ अकराच्या सुमारास आले. निवृत्त भूलतज्ज्ञ, दोन पिढ्यांच्या डॉक्टरांना माणूस झोपवायला आणि उठवायला शिकवल्यामुळे 'मास्तर' हेच त्यांचे नाव झाले होते. देह स्थूल, चाल संथ. बसल्याबरोबर त्यांनी बूट काढून टेबलाखाली सारले.

"सिस्टरांना माझ्याबरोबर फिरू द्या," ते म्हणाले.

"त्या संशयित आहेत, मास्तर."

"म्हणूनच. आरोप असलेला माणूस समोर बसला की बाकीच्यांना खोटं बोलायला जड जातं. त्या कुणाला हात लावणार नाहीत. कान लावायला तर बंदी नाही ना?"

पहिला आला रुग्णालयाचा फार्मासिस्ट. उलटी होऊ नये म्हणून दिले जाणारे इंजेक्शन ज्या खोक्यातले, ते खोकेच त्याने छातीशी धरून आणले होते.

"सील बघा, मुदत बघा. याच खोक्यातलं गेल्या आठवड्यात दहा जणांना दिलंय, कुणी हूं की चूं केलं नाही. मी औषधाच्या नावाखाली पाणी विकत नाही, मास्तर. पाणी विकायचं असतं तर उसाच्या रसाची गाडी टाकली असती, कमाई जास्त आहे."

"मंगळवारी पाचही जणांना हेच दिलं?"

"पाचही जणांना. बाईंनी स्वतः."

या बाई म्हणजे भूल देणारी तरुण डॉक्टर. ती तिसऱ्या मजल्यावर थिएटरच्या दारात भेटली. मास्तर रॅम्पच्या प्रत्येक वळणावरच्या सपाटीवर कठडा धरून थांबत वर चढले होते, आणि त्यांना बोलण्याइतका दम यायला जरा वेळ लागला. तेवढ्या वेळात डॉक्टरबाईने तीनदा घड्याळ पाहिले.

"ती लाल रेघ तुम्हाला कधी दिसली?" मास्तरांनी विचारले.

"मला… मी पाहिली नाही. खाली गेल्यावर उठली असेल."

"पाहिली नाहीत."

"नाही."

"तुम्ही माझ्या हाताखाली शिकलात. मी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, त्यामुळे ते तुम्हाला धड जमत नाही. परत विचारतो. कधी दिसली?"

डॉक्टरबाईने तोंडावरचा मास्क वर ओढला, जणू त्याच्या आड लपता येईल. मग हलकेच म्हणाली, "टेबलावरच. दुखू नये म्हणून पाचही जणांना मॉर्फिन दिलं तेव्हा. चौघांना. पाचव्याला नाही उठली. सगळे विष विष करायला लागले आणि मी घाबरले, सर. मॉर्फिन माझ्या हातचं ना."

"आणि माझ्या गळ्यात फास पडू दिलात?" सिस्टरचा आवाज तिलाच परका वाटला. "सकाळपासून मी सांगतेय, रेघ आधीच होती म्हणून. एक शब्द बोलला असतात!"

"सिस्टर, मी…"

मागे चाके करकरली. धाकटीला आत नेत होते. इंजेक्शनच्या गुंगीत तिने मान वळवली, सिस्टरला पाहून दोन बोटे हलवली. दार उघडले. डॉक्टरबाई खाली मान घालून तिच्या मागोमाग आत गेली.

जिने कालपासून खरे लपवले होते, तिच्याच हाती आता धाकटीचा श्वास होता. दार लागले आणि वरचा तांबडा दिवा पेटला.

४

"आत त्या एकट्या नाहीत," मास्तर म्हणाले. "चार माणसं आहेत. आणि बाई भित्र्या आहेत, दुष्ट नाहीत. चला, कामाला लागू. तुमच्या बहिणीला आपला उपयोग झालाच तर तो खालीच होईल."

"पण ती रेघ? ते विष नव्हे?"

"नव्हे. मॉर्फिन जरा भरभर शिरेत गेलं की काहींच्या कातडीतल्या पेशी त्यांच्याजवळचं एक रसायन सोडून देतात. हिस्टामिन. त्यानं रेघ उठते, खाज सुटते, तासा-दोन तासांनी विरते. घाबरवणारं दिसतं, पण मारत नाही."

"मग उलटी मॉर्फिननंच झाली म्हणायची."

"मॉर्फिननं मळमळतं हे कुणीही सांगेल. पण मग ती वरच व्हायला हवी होती, औषध ताजं असताना. शिवाय उलटी रोखणारं इंजेक्शन पाचही जणांना दिलेलं. रेघ वर उठली, उलटी खाली झाली. आपण या दोघींना एकाच आईच्या लेकी धरून बसलोय, तिथेच गाडं अडलंय."

पुढचे दोन तास वॉर्डात मास्तर प्रत्येक खाटेशी बसले. शिक्षिकेला त्यांनी बराच वेळ बोलते केले, शिंप्याला आणि ट्रकचालकाला तेच तेच तीनतीनदा विचारले. सिस्टर भिंतीशी हात मागे बांधून उभी होती. शिक्षिकेचे सलाईन संपत आले होते आणि ते बदलायला पुढे होता येत नव्हते. वरच्या मजल्याकडे तिचा कान लागला होता. तिथून हाक आली नाही तर बरे, की आली तर बरे, हेही तिला ठरवता येईना.

बेकरीवाला शेवटी राहिला. तो उशीला टेकून बसला होता, शेजारी बायको.

"काल सकाळी काही खाल्लं-प्यायलात?"

"छे छे. डॉक्टरांनी बजावलं होतं. पाण्याचा थेंब नाही."

मास्तरांनी त्याचा हात हातात घेतला. सुईच्या जागी रेघ नव्हती. पण मनगटापासून दंडापर्यंत नखांचे जुने, वाळलेले ओरखडे होते.

"अंगावर पित्त उठतं?"

"कधीतरी."

"कधीतरी काय!" बायको उसळली. "पीठ अंगाला लागलं की गांधी उठतात यांच्या. रोजची गोळी चुकली की माकडासारखे खाजवत बसतात. गिऱ्हाइकं पाव न घेता परत जातात हो, डॉक्टर."

"तू गप्प बस."

"का गप्प बसू? तिकडे माणूस गेलाय. सांगा की काल गोळी घेतलीत ते!"

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. "कोरडीच गिळली, साहेब. पाण्याशिवाय. ऑपरेशन पुढे ढकलतील म्हणून बोललो नाही. त्या गोळीनं तर काही…?"

"कुठली गोळी? हल्लीची, की झोप आणणारी जुनी?"

"जुनीच. हल्लीची मला लागू पडत नाही. जुनी घेतली की दिवसभर पेंग येते, पण अंग शांत राहतं."

मास्तरांनी त्याचा हात अलगद चादरीवर ठेवला.

"तुमच्या गोळीनं काही बिघडलं नाही," ते म्हणाले. "उलट तिनंच तुम्हाला वाचवलं."

ते सिस्टरकडे वळले. बोलताना त्यांचा आवाज खाली आला. "ही गोळी हिस्टामिनचं कुलूप आहे. जिथे जिथे ते काम करतं तिथे तिथे जाऊन दार लावते. कातडीत लावलं, म्हणून रेघ नाही. आणि जुनी गोळी झोप का आणते? ती मेंदूतही शिरते म्हणून. मेंदूत हिस्टामिनचं दुसरं खातं आहे, कातडीशी संबंध नसलेलं. तिथे ते निरोप्याचं काम करतं. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी रचना असते, तिची तक्रार उलटीच्या केंद्रापर्यंत पोचवतं. घाटात गाडी लागते ना, ती याच वाटेनं. फार्मासिस्टच्या खोक्यातलं इंजेक्शन दुसरी वाट अडवतं, पोटाकडून येणारी. ते खरं होतं, चोख होतं, आणि चुकीच्या दारावर पहारा देत होतं."

"पण गाडी लागायला ते गाडीत कुठे होते?" सिस्टर म्हणाली. "खाटेवर तर पडून…"

ती बोलता बोलता थांबली. खोली फिरतेय, ट्रकचालक म्हणाला होता. घाटात गाडी चालवण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस.

"मॉर्फिननं कानाची ती रचना हळवी होते," मास्तर म्हणाले. "एरवी जाणवणारही नाही अशा हालचालीनं ती बोंब मारते. वर कोणी ओकलं नाही. खाली सगळे ओकले. वर आणि खाली यांच्या मधे काय आहे?"

"रॅम्प."

"लिफ्ट शनिवारी गेली. त्यानंतर ऑपरेशनचा पहिला दिवस मंगळवार. पण नुसत्या उतारानं एवढं व्हायचं नाही. मला रुग्ण आणतात त्या ट्रॉलीवर झोपून यायचंय. कुठंय ती?"

बेकरीवाल्याची बायको दाराकडे बोट दाखवत म्हणाली, "ट्रॉली ढकलणारे मामा मघाशीच ती घेऊन वर गेले. सिस्टरबाईंच्या बहिणीला आणायचंय म्हणाले."

५

सिस्टर धावली. मागे मास्तर ओरडत होते, फार्मासिस्टला काहीतरी आणायला सांगत होते. तिला शब्द कळले नाहीत. रॅम्पच्या तोंडाशी व्यवस्थापक उभे होते. तिने त्यांना मागे टाकले.

पहिला चढ, सपाटी, उलटे वळून दुसरा चढ. वरून चाकांचा आवाज येत होता, अगदी मऊ. मामा चाकांना स्वतः तेल घालत; वीस वर्षांत त्यांच्या ट्रॉलीचा धक्का कोणा रुग्णाला बसला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. ती दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा ट्रॉली वरच्या उताराने सपाटीवर येत होती. पाय पुढे, डोके मागे, वरच्या बाजूला. अगदी नियमाप्रमाणे. मग सपाटीवर येताच मामा आणि त्यांचा जोडीदार थांबले, आणि सिस्टरच्या डोळ्यांदेखत त्यांनी ट्रॉली जागच्या जागी गर्रकन फिरवली. आता डोके पुढे. तशी चार पावले सपाटी ओलांडली. पुढच्या उताराच्या तोंडाशी पुन्हा गर्रकन. पाय पुढे.

"मामा! हे काय करताय?"

"काय म्हणजे?" मामा चपापले. "नीट आणतोय की पोरीला. सपाटीवर डोकं पुढे. पाय पुढे करून माणसाला कधी नेतात, ठाऊक नाही का तुम्हाला? मी जिवंत माणसाला तसा नेत नाही. पण उतारावर डोकं पुढे केलं तर ते खाली येतं, डॉक्टर अंगावर येतात. म्हणून उतारावर पाय, सपाटीवर डोकं."

"दर सपाटीला दोनदा फिरवता?"

"दर सपाटीला. हळू फिरवतो. लोण्यावर सुरी फिरावी तशी."

दोन्ही नियम भल्यासाठी होते, आणि दोन्ही पाळले गेले होते. लिफ्ट होती तेव्हा ट्रॉली सरळ आत, सरळ बाहेर. नियमांची गाठ कधी पडलीच नव्हती.

धाकटीचा चेहरा भिजल्या कागदासारखा झाला होता. ओठांभोवती घाम. ती एकसारखी गिळत होती. डोळे अर्धवट उघडे आणि बुबुळे एका बाजूला सरकून पुन्हा पुन्हा परत येत होती.

"ताई… थांबव… फिरतंय गं सगळं."

आणि ती उताणी होती.

"हात लावू नका!" खालून व्यवस्थापकांचा आवाज आला. ते धापा टाकत चढत होते. "सिस्टर, मी बजावतोय! हात लावलात तर त्याला मी जबाबदार नाही!"

सिस्टरचे हात छातीशी थबकले. आत्ता हिला स्पर्श केला आणि हिचे काही बरेवाईट झाले, तर दोन्ही मरणे तिच्याच नावावर लागणार होती. संध्याकाळी पोलीस येतील तेव्हा साक्षीला खुद्द व्यवस्थापक असतील. धाकटीच्या घशात गुळणीसारखा आवाज झाला.

सिस्टरने तिला खांद्याला आणि कमरेला धरून एका झटक्यात कुशीवर घेतले.

"मामा, चाकं अडवा. ट्रॉली एक बोटभरही हलता कामा नये." तिने धाकटीचे डोके दोन्ही तळव्यांत घट्ट धरले. "हलू नकोस. मान हलवू नकोस. माझ्या नाकाकडे बघ. बघतेयस?"

"तुझं नाक… फिरतंय."

"फिरू दे, मेलं आधीच वाकडं आहे. त्याच्याकडेच बघ."

पहिला उमासा आला. तोंडातून थोडे हिरवट पाणी गालावरून चादरीवर ओघळले. छातीत गेले नाही. दुसरा उमासा कोरडा आला. टाक्यांच्या कळेने धाकटी कण्हली. सिस्टरला तळव्यांखाली तिची नाडी कबुतरासारखी फडफडताना जाणवत होती.

वरून डॉक्टरबाई धावत आली, खालून फार्मासिस्ट. त्याच्या हातात एक छोटी कुपी होती.

"मास्तर म्हणाले हे द्या. पण हे तर अंगावर पित्त उठल्यावर देतात! उलटीवर?"

"त्यावरच," खालच्या सपाटीवरून मास्तरांचा दमलेला आवाज आला. त्यांच्या पायांत बूट नव्हते. "सलाईनमध्ये पातळ करा. आणि सावकाश, बाई. या वेळी सावकाश."

डॉक्टरबाईने औषध पातळ करून सुईत भरले. सिस्टरने तिच्याकडे पाहिले. काल या बाईने तिला बुडवले होते. आज तिच्या हातातली सुई धाकटीच्या शिरेत जाणार होती, आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

"द्या," सिस्टर म्हणाली.

६

ट्रॉली त्या सपाटीवर तशीच राहिली. व्यवस्थापक कठड्याला टेकून उभे होते. आणखी एक उमासा आला, आधीपेक्षा लहान. मग बराच वेळ काही आले नाही. धाकटीची बुबुळे स्थिर झाली. तिने दोनदा गिळले, मग गिळणे थांबले. कपाळावरचा घाम सिस्टरने आपल्या बाहीने टिपला.

"ताई," ती जड जिभेने म्हणाली, "तुझा हात थंड कुठंय?" आणि झोपली.

मास्तर उताराच्या कडेला चक्क जमिनीवर बसले होते. "हा माझा तर्क आहे," ते व्यवस्थापकांना म्हणाले. "विषाच्या अहवालाची वाट तुम्ही अवश्य बघा. पण पोलिसांना सांगताना हेही सांगा, की रेघ वर उठलेली बाईंनी पाहिली होती. की पाचांतल्या ज्या एकाला उलटी झाली नाही, तो हिस्टामिनचं दार लावून आला होता. आणि सिस्टरांनी काल चौघांपैकी तिघांना कुशीवर वळवून वाचवलं. चौथ्याला वळवायला तिसरा हात त्यांच्याकडे नव्हता. दुसरी परिचारिका नेमायची होती ती तुम्ही."



"मी लेखी देते," डॉक्टरबाई म्हणाली. "रेघेचं. आणि गप्प राहिले त्याचंही."

सिस्टरने मान हलवली. माफ केले की नाही, हे तिचे तिलाच अजून कळले नव्हते.

मामा मात्र ट्रॉलीच्या चाकाशी खाली बसले होते. त्यांनी चाक दोन्ही हातांनी धरून ठेवले होते, कोणी सोडायला सांगितले नव्हते म्हणून.

"म्हणजे घड्याळवाले आजोबा," ते म्हणाले, "मी मारले?"

सिस्टर मामांच्या शेजारी टेकली.

"मामा, उतारावर डोकं वर ठेवा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"डॉक्टरांनी."

"आणि लिफ्ट बंद असताना माणसं कशी न्यायची, हे कुणी सांगितलं?"

"ते कुणीच नाही सांगितलं."

"मग एकट्यानं सगळं ओझं घेऊ नका. थोडं माझ्या वाट्याचं आहे, थोडं या सगळ्यांच्या. उठा आता. हिला खाली न्यायचंय. पाय पुढे, सगळीकडे पाय पुढे. वळताना मोठ्या गोलाईत, सावकाश."

"सपाटीवरही पाय पुढे?" मामांच्या चेहऱ्यावर पुन्हा जुनी भीती आली. "तसं नेतात ते फक्त…"

"मी डोक्याशी चालते. सारखी बोलत राहते तिच्याशी. बोलणाऱ्या माणसाबरोबर जाणारी ही जिवंतच आहे, हे कुणालाही कळेल."

मामांनी चाक सोडले. ट्रॉली उताराला लागली, आणि सिस्टर झोपलेल्या बहिणीशी तिच्या लहानपणच्या कागाळ्यांबद्दल मोठमोठ्याने बोलत तिच्या डोक्याशी चालू लागली.

लिफ्ट दुरुस्त व्हायला आणखी एकोणीस दिवस लागले. तेवढ्या अवधीत त्या रॅम्पवरून, धाकटी धरून, सत्तावीस माणसे खाली आणली गेली. उलटी तिघांना झाली. दगावले कोणी नाही.